अनुभव धागा : घरच्या घरी स्तनतपासणी

निशिगंध :
गेल्या श्रावणात आंघोळ करताना साबणाच्या हाताला उजव्या काखेजवळ काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं, टणक, दाबलं तरी जागचं न हलणारं. दुखत अजिबात नव्हतं, आणि तिथेच मी फसले. दुखत नाही ना, मग गणपती होऊ देत, म्हणत ५ आठवडे काढले. आमच्याकडे कुणाचा गुडघा दुखला तरी अख्ख्या मजल्याला कळतं. हे मात्र नवऱ्याला सांगताना तोंडातून शब्द फुटेना. शेवटी वाणसामानाच्या यादीखाली लिहिलं, 'छातीत गाठ आहे.' तो पिशवी तिथेच टाकून बसला.

सोनोग्राफी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी. कर्करोगच होता, पण गाठ लहान होती. ऑपरेशन आणि रेडिएशन झालं, स्तन काढावा लागला नाही. आता पुन्हा सकाळची लोकल धरते.

पाळी संपल्यावर ३-४ दिवसांनी मी बघते. पाळीआधी स्तन जड आणि गाठाळ लागतात, उगाच जीव घाबरतो. सासूबाईंची पाळी गेलीय, त्या दर संकष्टीला बघतात. आधी आरशासमोर, हात कमरेवर, मग डोक्यावर. खळी पडलीय का, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का. मग उताणं झोपून, खांद्याखाली उशी घेऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे. आधी हलकं, मग थोडं दाबून, मग बरगडी लागेपर्यंत. काख आणि गळ्याजवळचं हाड सोडायचं नाही.

बायांनो, तुमचं लिहा. गाठ साधी निघाली असेल तरी लिहा.

अबोली :
मी २४ वर्षांची. माझी गाठ बोटाखालून गोटीसारखी निसटायची. आईने देव पाण्यात ठेवले होते. फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाला, माझ्या वयात बऱ्याच जणींना होणारी साधी गाठ. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवलं सोनोग्राफीने, माझ्या बोटांनी नाही.

परळकर :
एक सांगायलाच हवं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर २ वर्षांनी हाताने तपासत. निष्कर्ष २०२१ मध्ये आले : पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. उलट शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. तिथे स्वतः तपासायला शिकवूनही मृत्यू घटले नाहीत. आम्ही गिरणगावातले, त्यामुळे हे वाचून मी बराच वेळ सुन्न होते. घरी जरूर बघा, पण शिकलेल्या हातांकडून तपासूनही घ्या.

सोनटक्का :
बाळ ५ महिन्यांचं असताना गाठ लागली. एका दवाखान्यात हात न लावताच 'दूध साठलंय' म्हणून परत पाठवलं. महिनाभर शेकत बसले. दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. माझं खरंच दूधच होतं, तरी तो महिना आठवला की अंगावर काटा येतो.

कोरांटी :
माझ्या मामांना स्तनाचा कर्करोग झाला होता. पुरुषांनाही होतो, क्वचित. बनियन एकाच जागी ओलं व्हायचं, म्हणून मामीच्या लक्षात आलं.

मोगरा :
दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. आरसा दाराजवळ आहे, तिथे उभं राहणं शक्यच नाही. काल रात्री सगळे झोपल्यावर मोरीत पडदा ओढून बघितलं. डाव्या बाजूला खालच्या अंगाला काहीतरी आहे. घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

निशिगंध :
मोगरा, सोमवारी मी रजा टाकतेय. सकाळी ८ वाजता दादरला पुलावर ये, हिरवी ओढणी असेल माझी. आधीचे काही कागद असतील तर घेऊन ये, नसतील तरी ये.