पित्ताशय काढून अकरा दिवस, आता डोळे पिवळे

कोरडी_भाकर:
आईचं (वय ५८) पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. उजवा खांदा दोन दिवस ठणकत होता, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे म्हणाले आणि थांबलाही. पण परवापासून अंगाला खाज. काल खिडकीशी मेथी निवडत होती, वर बघितलं तर डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट. लघवी कोऱ्या चहासारखी. दवाखान्यात फोन केला तर "तेलकट बंद करा, सोमवारी दाखवा." शेजारच्या काकू काविळीची माळ घाला म्हणतात. पित्ताशयच काढलंय तर पित्ताचा त्रास कसा?

नळीतला_खडा:
ताई, शौचाचा रंग बघितलात का? शाडूच्या मातीसारखा असेल तर सोमवारची वाट बघू नका.

पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त साठवते. पिशवी गेली तरी यकृतातून आतड्याकडे जाणारी नळी तिथेच असते. माझ्या पिशवीतला एक खडा ती काढायच्या ऑपरेशनआधीच त्या नळीत घसरून बसला होता. आधीच्या सोनोग्राफीत दिसला नाही, कारण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड लपतं. नळी तुंबली की पित्त रक्तात उतरतं, म्हणून डोळे आणि लघवी पिवळी. आतड्यात पोचत नाही, म्हणून शौच पांढरी. खाजेने मी पाठ दाराच्या चौकटीवर घासायचो, बायको म्हशीची उपमा द्यायची.

माझं बिलिरुबिन (रक्तातलं पित्ताचं पिवळं द्रव्य) ७.८, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृतातून प्रक्रिया होऊन आलेलं, ६.१. डायरेक्ट जास्त आणि अल्कलाइन फॉस्फटेजही (नळी तुंबली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढलेलं, म्हणजे अडथळ्याचा संशय. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयमध्ये, खडा दिसला, तुरीच्या डाळीएवढा. मग ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून नळीपर्यंत दुर्बीण घालून, काढला. पुन्हा पोट उघडावं लागलं नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
सर्जिकल वॉर्डात आहे म्हणून सांगते. खडाच असेल असं धरून चालू नका. नळी आकसलेली असू शकते, ऑपरेशनमध्ये नळी बंद करायला लावतात ती क्लिप चुकीच्या जागी बसलेली असू शकते. पोट फुगतंय, दुखणं रोज वाढतंय, तर पित्त पोटात गळतंय का तेही बघावं लागतं.

हुडहुडी भरून ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी न्या. तुंबलेल्या नळीत जंतू वाढले की तासांत बिघडतं. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, करायला सांगा. पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आणि माळ? तिच्या गाठी सैल होतात म्हणून ती लांबते. काकूंना दुखवू नका, घाला हवी तर, पण गाडीत बसल्यावर.

कोरडी_भाकर:
शौच तशीच होती. दुपारी दुसऱ्या दवाखान्यात आणलं. बिलिरुबिन ५.२, सोनोग्राफीत नळी १२ मिलिमीटर, फुगलेली. ताप नाही. उद्या सकाळी एमआरसीपी. आत क्लिपा आहेत, मशीनमध्ये चालतं का?

नळीतला_खडा:
माझ्या टायटॅनियमच्या होत्या, काही झालं नाही. डिस्चार्ज कार्ड मात्र तिथल्या माणसाला दाखवा. किती तास उपाशी ठेवायचं ते आत्ताच विचारून घ्या. आणि बांगड्या घट्ट असतील तर रात्रीच साबण लावून काढा. आमच्या आधीच्या आजींच्या बांगड्यांपायी सगळी रांग अर्धा तास खोळंबली होती.