लिंटरची 'एरर': चूक, त्रुटी की आणखी काही?

अर्धविराम: ईएसलिंट हा जावास्क्रिप्टचा लिंटर, म्हणजे कोड न चालवता नियमांनुसार तपासणारा प्रोग्रॅम. नव्या सहकाऱ्यांसाठी त्याच्या सेटिंगची टिपणं मराठीत लिहितोय. प्रत्येक नियमाला तीन पातळ्या: ० बंद, १ वॉर्निंग, २ एरर. वॉर्निंगला 'इशारा' लिहिलं. एररला 'त्रुटी' लिहिलं तर सहकारी म्हणाली, त्रुटी म्हणजे उणीव, चूक नव्हे. पण 'चूक' तरी कसं म्हणू? ओळीच्या शेवटचा अर्धविराम (;) राहिला तरी कोड बहुतेकदा सुरळीत चालतो.

काथ्याकूट: तिचं बरोबर आहे. हे हिंदी वळण. मराठीत अर्जात त्रुटी राहतात. बेरीज चुकते, तिला त्रुटी येत नाही.

दीडशहाणा: मग राहिलेला अर्धविराम अस्सल मराठी त्रुटीच झाला की!

काथ्याकूट: आणि घोषित करून कुठेच न वापरलेलं व्हेरिएबल? ते जास्तीचं आहे, त्याला उणीव म्हणणार?

रात्रपाळी: काम काय करतं ते बघा ना. एरर आली की लिंटर संपताना 'सगळं ठीक' सांगणाऱ्या शून्याऐवजी १ परत करतो आणि सीआय, म्हणजे नवा कोड आपोआप तपासणारी यंत्रणा, तिथंच थांबतं. नुसत्या वॉर्निंगनं थांबत नाही, मॅक्स-वॉर्निंग्ज, म्हणजे किती वॉर्निंग चालतील ती मर्यादा, ० करून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून 'अटकाव' म्हणा. आमच्याकडे एकानं जुन्या कोडवर सगळे नियम एकदम २ वर नेले होते. आठवडाभर कुणाचंच काही मुख्य कोडमध्ये मर्ज होईना. त्याला मात्र 'अडवणूक' हाच शब्द.

शुद्धमती: मुळात 'लिंटर' तरी कशाला? 'संहितातपासनीस' म्हणा.

दीडशहाणा: हे टाइप करेपर्यंत बिल्ड संपेल. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारं तूस. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सननं १९७८ मध्ये सी भाषेसाठी तो प्रोग्रॅम लिहिला, नाव तिथून आलं. आपल्याकडे 'कुसळ' आहेच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं अचूक दिसतं, तेच लिंटरचं काम!

काथ्याकूट: तूस वेगळं, कुसळ वेगळं. कुसळाला टोक असतं, ते रुततं.

दीडशहाणा: माझ्या कोडवर आलेले शेरे वाचा, चांगले रुततात.

रात्रपाळी: आणि त्यातलं मुसळ, म्हणजे चुकीचा हिशेब, लिंटरला दिसतच नाही.

अर्धविराम: मंडळी, एररचं काय करू? टिपणं उद्या द्यायची आहेत.

शुद्धमती: आधी तो 'इशारा' काढा, अरबी आहे. 'ताकीद' लिहा.

काथ्याकूट: ताकीदही अरबीच.