धरणाच्या पाण्यात पोहायला कुठला महिना बरा? (राधानगरीकडं)

राजारामपुरी_आठवी_गल्ली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मालवणला समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं ठरवलंय. टँकवर रोज दीड तास असतो, पण २५ मीटरवर भिंत आली की लाथ मारून वळायची सवय झालीय. समुद्रात भिंत कुठली? मित्राचं गाव राधानगरीच्या वर आहे. तो म्हणतो, धरणामागच्या फुगवट्यात ये, आरशासारखं पाणी हाय. घरचे म्हणतात, गारठून मरशील. नक्की किती गार असतं? कुठला महिना चालेल? वेटसूट (ऊब धरणारा रबरी पोशाख) घेऊ का? (रंकाळा तलाव सुचवू नका, केंदाळ म्हणजे जलपर्णी बघून आलोय.)

नाद_एकच
मे मध्ये जा भावा. पाणी एकदम कोमट. टेन्शन घेऊ नको.

घाटावरचा_म्हातारा
कोमट म्हणताय ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी मोजलंय.

मी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलो, पाठीला तेलाचा डबा बांधून. पुढं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं मोजायची खोड. निवृत्तीनंतर दोन वर्षं एका ओळखीच्या मच्छीमाराबरोबर त्याच्या काईलीत बसून धरणाचं पाणी मोजत होतो. काईल म्हणजे गुऱ्हाळातली गूळ आटवायची, तीच. आमच्याकडं नाव म्हणून चालते. हललं की गरकन फिरते, पण बुडत नाही.

साधन घरचंच. काचेच्या बाटलीच्या बुडाला दगड, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. मोठ्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी. बाटली खाली सोडायची, हव्या त्या गाठीवर आली की सुतळीला हिसका द्यायचा. बूच निघतं, वर बुडबुडे येतात. ते थांबले की भराभर ओढायची आणि माशांच्या टाकीतला थर्मामीटर आत घालायचा.

मे महिन्यात भर दुपारी वर २९ अंश, चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढं, खाली २३. थंडीत गार होऊन खाली बसलेलं जड पाणी उन्हाळाभर तिथंच राहतं. ऊन फक्त वरची गादी तापवतं आणि ती हलकी असल्यानं खाली मिसळत नाही. सूर मारून खाली गेलात की कपाळावर गार पट्टा लागतो, माणूस दचकतो आणि भलत्या वेळी तोंड उघडतो. जानेवारीत उलट. वर २२, खाली जवळजवळ तेवढंच, सगळं ढवळून एक झालेलं.

पण गारठ्याची भीती तुमच्या घरच्यांनी चुकीच्या जागी ठेवलीय. अंगाला लागताच श्वास अडकवणारं पाणी साधारण १५ अंशांच्या खालचं असतं. तसं आपल्याकडं नाही. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा १६ ते ३१ अंशांत घेतात, वेटसूटची सक्ती १८ च्या खाली. तुमचे पैसे वाचले. तरीही पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं ऊब ओढतं. जानेवारीत चाळीस मिनिटांनी माझी करंगळी इतर बोटांना जुळायचीच नाही, हात फणीसारखा उघडाच. असं झालं की बाहेर. आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटं गारठा वाढतच जातो, सदऱ्याचं बटण लागत नाही. आधी अंग पुसा, टोपी घाला, मग चहा.

खरी भीती तळाची. मे मध्ये पातळी उतरलेली असते. काठावर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा, खाली मांडीएवढा चिखल. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे. आणि त्याच्या पुढं जुन्या नदीचं पात्र. तीन पावलं कमरेएवढं, चौथ्याला पायच टेकत नाही. दरवर्षी पोरं जातात ती बहुतेक अशीच, काठापासून दहा-बारा हातांवर. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, कारण श्वासच उरलेला नसतो. आणि वाचवायला उडी टाकणारा दुसरा असतो. दोरी टाका, रिकामा डबा टाका, नेसलेलं धोतर सोडून टाका. उडी टाकू नका.

फुगवट्याकाठचा
सर बरोबर बोलले. आमच्याकडचं थोडं घालतो. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ३४७.५० फुटांवर गेलं की आपले आपण उघडतात. बटण दाबायला कोण नसतं. एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. त्यामुळं पावसाळ्यात धरणाखाली भोगावतीत उतरायचा विचारसुद्धा नको. आणि वरच्या अंगाला दाजीपूरचं अभयारण्य लागतं, पोहायला मनाई आहे. मित्राला म्हणावं, आरशासारखं पाणी गव्यांसाठी ठेव.

के.टी. म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासनंही लांब. बरगे (पाणी अडवायच्या आडव्या फळ्या) घातलेले असतात तेव्हा वरच्या अंगाला फटीकडं ओढ असते, आणि पाणी वरनं पडत असलं की खाली गोल फिरणारा भोवरा. त्यातनं बाहेर पडायला ताकद असून भागत नाही.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
बापरे. मग सराव करू कुठं? अन् मालवणला पाणी किती गार असेल?

घाटावरचा_म्हातारा
तेच विचारायची वाट बघत होतो. डिसेंबरात मालवणला समुद्र २७-२८ अंश असतो. तुमचा टँक त्याहून गार असेल! गारव्याचा सराव करायला तुम्ही ज्या धरणाकडं निघालाय, त्याची समुद्रात गरजच नाही. तिथं लागतं ते वेगळं: लाटेत श्वास घेणं, नाकात खारं पाणी गेलं तरी न गडबडणं, आणि दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून लांबची खूण धरणं. टँकमध्ये तळाला काळी पट्टी असते, समुद्रात नसते. टँकवरच डोळे मिटून वीस हात मारून बघा, कुठं पोचताय ते कळेल. माझा एक विद्यार्थी दर वेळी दोरीच्या डावीकडं जायचा. उजवा हात जास्त ओढायचा.

भिंत सोडवायची तर विहीर. माझ्या मेहुण्याची शिरोळकडं बांधलेली मोठी विहीर आहे, पायऱ्या थेट पाण्यात. विहिरीचं पाणी बारमाही जवळजवळ सारखं, म्हणून हिवाळ्यात पहाटे त्यातनं वाफा निघतात. काठाला न शिवता गोल गोल फेऱ्या मारायच्या. कंटाळा येईल. येऊ दे.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
सर, येत्या रविवारी चालेल का?

घाटावरचा_म्हातारा
सहाला या. एकटे येऊ नका, काठावर बसणारा एक माणूस आणि चाळीस फूट दोरी. थर्मामीटर मी आणतो. चहाचा थर्मास तुमचा.