गावठाणाबाहेरील घरासाठी परवानगी कोणाकडे मागावी?

दादरकर: आम्ही मुंबईत राहतो. अलिबाग तालुक्यातील वडिलोपार्जित शेतजमिनीवर, गावठाणाच्या हद्दीपासून सुमारे दीडशे मीटरवर, आईवडिलांसाठी लहानसे घर बांधायचे आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरेसा आहे असे गावात सांगतात. ते खरे आहे का?

परळकर: केवळ त्या दाखल्यावर कृपया बांधकाम सुरू करू नका. प्रादेशिक योजनेच्या (जमिनीचा कोणता भाग कशासाठी वापरायचा हे ठरवणाऱ्या शासकीय आराखड्याच्या) क्षेत्रात गावठाणाबाहेर बांधायचे असल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्या जमिनीबाबत एक गोष्ट अनुकूल आहे: जमीन महसूल संहितेतील कलम ४२-ड गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनींसाठी आहे, त्यामुळे अकृषिक वापराचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, प्रश्न पुष्कळ सोपा होतो; मात्र त्याने घराचा नकाशा मंजूर करून घेण्याची गरज संपत नाही. हे अंतर अंदाजाने न धरता भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.

ठाणेकर: सातबारावर आईवडिलांसोबत इतर सहहिस्सेदारांची नावे असतील, तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी, कारण माझ्या मते खरा विलंब तिथेच होतो. नकाशे परवानाधारक वास्तुविशारदाकडून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे काढून घ्यावेत. जमीन समुद्राजवळ असल्यास किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंधही तपासावेत.

दादरकर: सातबारावर काकांचेही नाव आहे. प्रथम त्यांच्याशी बोलतो आणि मोजणीसाठी अर्ज करतो. दोघांचेही मनापासून आभार.