बिल विदर्सने गाणं सोडलं, की त्याला सोडायला लावलं?

चंद्रमौळी

अमेरिकी गायक-गीतकार बिल विदर्सची शेवटची तबकडी १९८५ साली आली. त्यानंतर ३० मार्च २०२० ला वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला, तोवर त्याने नवी तबकडी काढली नाही. जगभरात त्याची तीन-चार गाणी रोज कुठे ना कुठे वाजत होती आणि हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये घरी बसून निवांत होता. सोल संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या भावपूर्ण गाण्यात, इतक्या वरून इतक्या शांतपणे उतरलेला दुसरा गायक-गीतकार मला माहीत नाही.

मला हे उतरणं त्याच्या गाण्यांइतकंच मोठं वाटतं. जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावातला. सहा भावंडांत धाकटा. तेराव्या वर्षी वडील गेले. बोलताना अडखळायचा. पुढे नऊ वर्षं नौदलात, मग विमानातल्या संडासाच्या बैठका बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. १९७१ साली पहिली तबकडी आली तेव्हा वय तेहतिशीला टेकलेलं. तिच्या मुखपृष्ठावरचा फोटो कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत काढलाय. हातात डबा आहे. गाणं गाजायला लागलं तरी त्याने नोकरी लगेच सोडली नव्हती, हा धंदा बेभरवशाचा आहे असं त्याचं मत होतं.

ज्याने गायक होण्याआधी एक अख्खं आयुष्य जगलंय, त्याला गाण्याशिवायही आपण कोण आहोत हे ठाऊक असतं. म्हणून तो जाऊ शकला. मला त्यात पराभव दिसत नाही.

तिहाई

पूर्ण असहमत. तुम्ही जे 'उतरणं' म्हणताय ती सरळसरळ कोंडी होती.

त्याच्या तबकड्या काढणारी पहिली कंपनी ससेक्स. क्लॅरन्स अ‍ॅव्हंट यांची, लहानशी. तिथे त्याने मनासारखं काम केलं. ती १९७५ मध्ये बुडाली आणि विदर्स कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे गेला. तिथले साहेब त्याला काळ्या लोकांचं संगीत कसं असावं ते शिकवायला लागले. गोऱ्या एल्व्हिस प्रेस्लीचं, गरीब वस्तीवरचं एक गाणं तू गा, असंही सुचवून झालं. विचार करा, स्वतःच्या आजीवर 'ग्रँडमाज हँड्स' लिहिणाऱ्या माणसाला! दुसऱ्याच्या वस्तीतलं दुःख दुसऱ्याच्या शब्दांत गा म्हणे.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून १९८५ पर्यंत त्याची स्वतःची एकही तबकडी नाही. चाळिशीतली उमेदीची वर्षं. एखाद्याला इतकी वर्षं दारात उभं करायचं आणि तो कंटाळून निघून गेला की 'काय हा स्वाभिमान' म्हणून टाळ्या वाजवायच्या, यात कंपनीवाले अलगद सुटतात. याचाच मला राग येतो.

उत्तररात्र

तिहाई, कोंडी झाली हे खरंच. पण तो कुणाचं ऐकतच नसे असं चित्र तयार होतंय, ते बरोबर नाही.

'एन्ट नो सनशाइन' घ्या. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. मधे 'आय नो' हे दोनच शब्द तो २६ वेळा म्हणतो. त्या जागी आणखी ओळी लिहायचा त्याचा बेत होता. ध्वनिमुद्रण करणारे बुकर टी. जोन्स आणि आसपासचे वादक म्हणाले, आहे तसंच राहू दे. त्याने ऐकलं. समोर बुकर टी., ड्रमवर अल जॅक्सन, बासवर डक डन, गिटार घेऊन स्टीफन स्टिल्स, सगळे नावाजलेले, आणि हा कारखान्यातून आलेला नवखा. ही माणसं काय सांगतायत ते कळायला त्याला वेळ लागला नाही.

ती जागा कानाला हेडफोन लावून ऐका. श्वास कुठे घेईल असं वाटत राहतं आणि तो घेतच नाही, मागे ताल तेवढा चालू. एकाही शब्दाची भर नाही, तरी दर वेळी अस्वस्थता वाढते. त्या जागी चार नीटस ओळी आल्या असत्या तर गाणं साधं झालं असतं.

म्हणजे सल्ला त्याला चालत होता, फक्त देणाऱ्याला वाजवता यायला हवं होतं. कोलंबियात टेबलापलीकडून सल्ला येत होता. माझ्या मते भांडण नेमकं हेच आहे.

कासवगती

कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. १९८५ ची तबकडी ऐकलीय. यांत्रिक ताल, गुळगुळीत सिंथेसायझर, आवाज सुरेख पण गाणी लक्षात राहत नाहीत. १९७२ ची 'स्टिल बिल' लावा आणि लगेच ही लावा. मला तर वाटतं, सांगण्यासारखं संपत आलं होतं आणि ते त्याला स्वतःला कळलं. कंपनीवर सगळं ढकलणं सोपं आहे.

तिहाई

संपत आलं होतं? १९८१ चं 'जस्ट द टू ऑफ अस' विसरलात. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या तबकडीवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जाऊन गायलं आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ग्रॅमीही मिळालं. बाहेर सोनं आणि घरी उपवास!

कासवगती

ते गाणं मुळात विल्यम सॉल्टर आणि राल्फ मॅक्डॉनल्ड यांचं. विदर्सने शब्दांवर हात फिरवला. गायला अप्रतिम, वाद नाही. पण त्यावरून तो एकटा बसून पूर्वीसारखं लिहू शकत होता हे सिद्ध होत नाही.

बे_एरियाकर

एक बाजू राहतेय, पैशाची.

'लीन ऑन मी' त्याने लॉस एंजेलिसमध्ये लिहिलं. एक छोटा वुर्लिट्झर पियानो घेतला होता, त्यावर बोटं नुसती खालून वर आणि वरून खाली सरकवत चाल सापडली. कुणीही शिकाऊ मुलगा वाजवेल अशी. शब्द आले ते स्लॅब फोर्कच्या आठवणीतून, जिथे शेजारी अडला तर लोक न बोलावता यायचे. मोठ्या शहरात ते मिळेना. १९७२ मध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने ते नव्या तालात केलं आणि पुन्हा पहिला क्रमांक. त्या वेळचं ग्रॅमी गीतकार म्हणून विदर्सला मिळालं, धंदा सोडून बसलेला असताना! इथे आमच्या मुलांच्या शाळेच्या निरोप समारंभात आजही हेच गातात, आणि चिनी, मेक्सिकन, देशी सगळ्यांना पाठ असतं.

गाण्यांच्या हक्कांचा कारभार पत्नी मार्शा बघायच्या. म्हणजे घर चालत होतं. ज्यांनी फक्त गायलं, लिहिलं नाही, त्या सोल गायकांना म्हातारपणी लहान लहान हॉटेलांत गावं लागलं. विदर्सच्या स्वाभिमानाचं कौतुक करताना तो गीतकार होता हे आधी सांगा. नुसता गायक असता तर सोडणं परवडलं नसतं.

चंद्रमौळी

पैशाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. पैसे तर पुष्कळांकडे असतात, तरी मंच सुटत नाही.

कासवगती, सांगण्यासारखं संपलं हे मात्र मी मानणार नाही. ६ ऑक्टोबर १९७२ ची कार्नेगी हॉलची मैफल ऐका. त्यात व्हिएतनामहून परतलेल्या, उजवा हात गमावलेल्या सैनिकाचं गाणं आहे. गाण्याआधी तो बराच वेळ फक्त बोलतो, त्या पोराबद्दल. लहानपणी तोतरं बोलणारा माणूस भरल्या सभागृहापुढे इतका संथ बोलतोय आणि कुणी खोकतही नाही. मग गाणं कधी सुरू होतं ते कळत नाही. अशी नजर असलेला माणूस पंचेचाळिशीनंतर रिकामा होतो?

२०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत त्याला घेतलं, गायक स्टीव्ही वंडरने ओळख करून दिली. तेव्हा जगाने पायघड्या घातल्या होत्या. एक दौरा काढला असता तर सभागृहं भरली असती. त्याने काढला नाही. त्या वेळी कोलंबियाचे साहेब अडवत नव्हते.

तिहाई

७६ वर्षांच्या माणसाने दौरा काढला नाही, हा पुरावा? तीस वर्षांनी दार उघडून 'आता ये' म्हणायचं आणि तो आला नाही की त्याची मर्जी?

आणि लिहिणं त्याने सोडलं नव्हतंच. २००४ मध्ये गायक जिमी बफेच्या तबकडीवर त्याच्या लेखणीची दोन गाणी आहेत. त्याच्यावरच्या २००९ च्या माहितीपटात घरच्या स्टुडिओतला विदर्स दिसतो. मुलगी कोरी गातेय आणि तो ऐकताना रडतोय. जो संगीताला कंटाळला तो असा रडत नाही. त्याने तबकड्या काढणाऱ्यांना सोडलं, संगीताला नाही. चंद्रमौळी, तुम्हाला ते पुरेसं वाटतं. मला साठीतल्या विदर्सची एक अख्खी तबकडी हवी होती, गुडघेदुखी, मुलांची लग्नं, मित्रांची मरणं यांवर त्याने काय लिहिलं असतं ते ऐकायचं होतं. ती आपल्याला मिळाली नाही, आणि त्याला स्वाभिमान म्हणून मी समाधान मानणार नाही.