गहू नको, अंडंही नको: घरचा पास्ता पाण्यात सुटतो, काय चुकतंय?

ताट_वाटी

सहा जणांसाठी ताजा पास्ता करायचा आहे. त्यांच्यात एकाला सीलिअ‍ॅक आहे (गव्हासारख्या धान्यातलं ग्लूटेन हे प्रथिन न चालणारा आजार) आणि एका लहान मुलीला अंड्याची अ‍ॅलर्जी. सगळ्यांसाठी एकच पास्ता करायचा, असं ठरवलंय. चाचणीसाठी 200 ग्रॅम तांदळाचं पीठ, 120 मिली कोमट पाणी आणि चमचाभर तेल घेतलं. लाटताना कडा फाटल्या, पट्ट्या उचलताना तुटल्या आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटांत सगळं सुटून पाणी दुधासारखं पांढरं झालं. पाणी कमी पडलं की पीठच चुकलं? झँथन गम (पीठ धरून ठेवणारी पूड) घालावा का? शिवाय घरात पास्ता मशीन आहे, पण त्यातून आजवर गव्हाचाच पास्ता काढलाय. धुऊन घेतलं तर चालेल का?

उकड_आधी

पीठ चुकलेलं नाही, पण त्याला धरून ठेवणारं काहीच त्यात नाही. गव्हात ग्लूटेनची जाळी असते, म्हणून गोळा ताणला जातो. अंड्यातली प्रथिनं उकळत्या पाण्यात घट्ट होतात, म्हणून पट्टी सुटत नाही. तुम्ही दोन्ही काढलंत आणि बदली काहीच घातलं नाहीत. कोमट पाण्यात तांदळाचा स्टार्च फुलत नाही, त्याला साधारण 70 अंशांच्या पुढे तापमान लागतं. म्हणून तुमचा गोळा म्हणजे ओली वाळू होती.

यावर दोन उपाय एकत्र करा: अर्ध्याहून जास्त तांदळाच्या पिठाची उकड काढायची आणि बाकीचं काम इसबगोलावर सोपवायचं. खालचं प्रमाण चौघांसाठी आहे, सहा जणांसाठी सगळं दीडपट करा.

तांदळाचं अगदी बारीक पीठ 150 ग्रॅम, टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्यापासून करतात तो) 60 ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च 40 ग्रॅम, इसबगोलाच्या भुशीची पूड 12 ग्रॅम, मीठ 3 ग्रॅम, तेल 10 मिली. बटाट्याचा स्टार्च आणि बटाट्याचं पीठ यांत गल्लत करू नका. पीठ अख्खा बटाटा शिजवून, वाळवून केलेलं असतं आणि ते भरमसाट पाणी पितं.

आधी इसबगोल 80 मिली कोमट पाण्यात घालून लगेच ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटांत घट्ट जेली होईल. दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम तांदळाच्या पिठावर 130 मिली खळखळतं पाणी मीठ-तेलासकट एकदम ओता, डावाने ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. पाणी उकळत असायलाच हवं. किटलीतलं जरा निवलेलं पाणी घेतलंत की उकड कच्ची राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. हात लावण्याइतकं निवलं की त्यात जेली, उरलेलं तांदळाचं पीठ आणि दोन्ही स्टार्च घालून सात-आठ मिनिटं तळहाताने रगडून मळा. सुरुवातीला चिकट लागेल, पण पिठी भुरभुरवत बसू नका. झाकून 30 मिनिटं ठेवा. इसबगोल पाणी हळूहळू धरतो, त्यामुळे अर्ध्या तासानंतरचा गोळा वेगळाच लागतो.

मग चाचणी. लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्याने चपटी दाबा. कडेला चिरा पडल्या तर ओल्या हाताने 5 मिली पाणी मुरवा आणि पुन्हा दाबून बघा. बोटाला ओढ घेऊन चिकटली तर तांदळाच्या पिठाची चिमूट. कड गुळगुळीत राहिली की लाटायला घ्या.

झँथन गमही चालतो: एवढ्या पिठाला 5 ग्रॅम. पण नुसत्या गमवर केलेला पास्ता शिजल्यावर बुळबुळीत होतो आणि 8 ग्रॅमच्या पुढे गेलात तर रबरी. कुणाला मक्याचीही अ‍ॅलर्जी असेल तर चौकशी करून घ्या, कारण हा गम अनेकदा मक्याची साखर आंबवून करतात. माझी पसंती इसबगोलालाच.

रवेदार

नुसतं अंडंच टाळायचं असतं तर एवढं काही करावंच लागलं नसतं. 100 ग्रॅम ड्युरम (कडक गव्हाच्या) रव्याला 45 ते 50 मिली कोमट पाणी, दहा मिनिटं मळणी, अर्धा तास विश्रांती, झालं. कितीतरी पारंपरिक इटालियन पास्ते बिनअंड्याचेच असतात. वरच्या कृतीत एक सुचवतो: 40 ग्रॅम तांदळाच्या पिठाऐवजी बेसन घाला, चव आणि रंग दोन्ही सुधारतात.

ओटा_पुसा_आधी

रव्याचा विचार इथे सोडूनच द्या. ड्युरम, स्पेल्ट, खपली हे सगळे गहूच, आणि सीलिअ‍ॅकला जव आणि राय (rye) ही धान्यंही चालत नाहीत. ‘ग्लूटिनस राइस’ हे नाव वाचून मात्र घाबरू नका. तो फक्त चिकट तांदूळ, त्यात ग्लूटेन नसतं.

बेसन घालायचं तर सहाही जणांना विचारून. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असते, आणि ल्युपिन या कडधान्याचं पीठ शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना बाधू शकतं. कुट्टूत ग्लूटेन नाही, पण त्याची स्वतःची अ‍ॅलर्जी तीव्र असू शकते.

लेबल वाचताना दोन जागी लोक फसतात. एक, ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन. त्यात धुतलेला गव्हाचा स्टार्चही बसू शकतो. सीलिअ‍ॅकला तो चालतो, पण गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्याला नाही. दोन, ‘अंड्याचा पर्याय’ म्हणून मिळणाऱ्या काही उत्पादनांत अंड्याचा पांढरा भागच असतो.

आता मशीन. ते वापरू नका. रोळ्यांच्या मागे पिठाच्या खरवडण्या असतात, तिथे सुकलेलं पीठ अडकून राहतं. ही मशीन पाण्याने धुवायची नसतात, गंजतात. ब्रशने दिसणारं पीठ निघतं, फटीतलं नाही. तेच लाकडी पोळपाट, लाटणं, उलथनं, पिठाची चाळणी आणि पास्ता निथळायची जाळी यांचं. ग्लूटेन उकळून नष्ट होत नाही आणि सॅनिटायझरने तर अजिबात नाही. साबण, भरपूर पाणी आणि घासणी एवढंच कामाचं, तेही स्टीलवर आणि काचेवर. लाटायला बेकिंगच्या कागदाच्या दोन तुकड्यांत गोळा ठेवा आणि नवीन लाटणं किंवा काचेची गुळगुळीत बाटली फिरवा. दोन्ही बाजूंना 2 मिमी जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की जाडी आपोआप सारखी येते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ उघडूच नका. उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं आणि मग ओट्यावर बसतं. सॉसही तपासा: दाट करायला मैदा, तयार पेस्टोत सुका मेवा, किसलेल्या काही चीजमध्ये लायसोझाइम, जे अंड्यापासून काढतात. मुलीसाठी डॉक्टरांनी तीव्र अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते त्या दिवशी हाताशी हवं.

ताट_वाटी

उकड आणि इसबगोलाने केलं. पट्ट्या अखंड उचलता आल्या, पाणीही स्वच्छ राहिलं. पण ताटात दहा मिनिटं राहिल्या की कडक होतात. आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतील का? रॅव्हिओली (सारण भरलेला पास्ता) जमतील?

उकड_आधी

निवल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात, तांदळात हे लवकर होतं. म्हणून सॉस आधी तयार ठेवा आणि पास्ता शेवटी. तीन लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, उकळी मंद, दोन खेपांत शिजवा. पहिली तीस सेकंद चमचा घालू नका, नंतर हलकेच सुटे करा. 2 मिमी जाडीला साधारण तीन मिनिटं, पण दोन मिनिटांपासून चाखायला सुरुवात करा. झाऱ्याने काढून थेट गरम सॉसमध्ये. कडक झाल्याच तर अर्धं मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होतात.

आदल्या दिवशी कराल तर फ्रिजमध्ये कच्च्या ठेवू नका, कडा सुकून चिरतात. ताटात एकेक सुट्या मांडून फ्रीझरमध्ये गोठवा, मग डब्यात भरा. न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाका, मिनिटभर जास्त लागेल.

रॅव्हिओलीत पट्टी दुमडू नका, घडीवरच फाटते. दोन वेगळ्या चकत्या कापा, सारण कोरडं आणि चमचाभरच, कडेला पाण्याचं बोट फिरवा, आतली हवा दाबून काढा आणि काट्याने कड बंद करा. आत हवा राहिली तर उकळताना फुगून फुटतात.