पाण्याच्या दर्जावर पालिकेचं अनुदान ठरावं का?

पांझराकाठ (धागाकर्ता)

दंडाने नगरपालिका सुधारत नाही, एवढं गृहीत धरून पुढचं बोलू या. कारखान्याला दंड झाला की मालकाच्या खिशाला चटका बसतो. पालिकेला झाला तर तो तुमच्याआमच्या घरपट्टीतून जातो, आणि मुख्याधिकारी तोवर बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्यासाठी नाल्यामागे महिन्याला ५ लाख, असा दर राष्ट्रीय हरित लवादाने २०२० पासून लावला. सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि घनकचरा मिळून महाराष्ट्रावर १२,००० कोटींची भरपाई बसवली. आकडा ऐकून छाती दडपते. नदीच्या रंगात फरक पडलेला कुणी पाहिला असेल तर सांगा.

माझं म्हणणं उलट आहे. पैसे कापू नका, पैसे देण्याची अट बदला. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१ ते २६) आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून दिला होता, निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. पण अट काय? हिशेब तपासून ऑनलाइन टाका, घरपट्टीचे किमान दर ठरवा. नळाला कसलं पाणी आलं हे कुणी विचारलंच नाही. पाइप खरेदी झाली, काम फत्ते!

ब्राझीलने २००१ पासून वेगळी वाट धरली. तिथल्या केंद्र सरकारने एका योजनेत प्रकल्प बांधायला पैसे दिले नाहीत, प्रकल्पातून खरोखर शुद्ध होऊन बाहेर पडलेल्या सांडपाण्याचे दिले. जर्मनीत १९८१ पासून पालिकांनाही सांडपाण्यातल्या घाणीच्या मापाने आकार भरावा लागतो; मानकं पाळली तर तो बराच कमी होतो आणि नव्या प्रकल्पावरचा खर्च त्यातून वळता करता येतो.

आपल्याकडे बांधील अनुदानाचा पाचवा हिस्सा तरी दोन गोष्टींवर ठेवा: शेवटच्या नळाचं पाणी, आणि एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून) बाहेर पडणारं पाणी. बोला.

गिरणाथडी

आमना गावले पानी आठ दिसमा येस, अन् तुम्हीन पानीना मार्क मोजी ऱ्हायनात!

फिल्टरवाले आप्पा

भाऊ, तुमचं म्हणणं ऐकायला गोड आहे. माझी नोकरी एका तालुक्याच्या गावच्या फिल्टरवर, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावर गेली, तेव्हा तिथलं सांगतो.

जुलैत तापीला पहिला पूर आला की कच्चं पाणी चहासारखं येतं. तुरटीचा डोस सकाळी ठरवला तर दुपारी बदलावा लागतो. त्यासाठी ग्लासांत थोडं थोडं पाणी घेऊन, वेगवेगळी तुरटी टाकून, गाळ कुठे बसतो ते बघायचं असतं. रात्रपाळीला माणूस एक. मोटारही त्यानेच बघायची, डोसही त्यानेच, आणि फोनवर नगरसेवकालाही त्यानेच तोंड द्यायचं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास हवं. पोतं दमट खोलीत उघडं पडलं की ते उडून जातं. मग पावडर मापाने टाकली तरी ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीला, पिवळा रंग येत नाही, आणि रजिस्टरला मात्र रोज ‘ओटी पॉझिटिव्ह’.

आता शेवटच्या नळाचं. मानक सांगतं, नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको. पाणी चोवीस तास असेल तर हे जमतं. आपल्याकडे व्हॉल्व्ह बंद झाला की लाइन रिकामी होते. घरोघरी मोटारी लावून ओढतात, पाइपात पोकळी होते. सर्व्हिस लाइन गटारीतून गेलेली, तिला जोडाजवळ भोक. गटारीचं पाणी आत ओढलं जातं. टाकीवर एकाच्या जागी दोन मिलिग्रॅम सोडा, कोपऱ्यातल्या घरी शून्यच येणार. म्हणजे नापास. म्हणजे अनुदान कमी. म्हणजे लाइन बदलायला पैसे नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा नापास. गरीब गाव आणखी गाळात, आणि ज्यांची लाइन नवी ते बक्षीस घेऊन फोटो काढणार!

शिवाय हतनूर धरणात वरून काय येतं यावर आमचा ताबा कुठे? तापी बुऱ्हाणपूरवरून येते, पूर्णा अकोल्याकडून. वरच्यांनी सोडायचं आणि मार्क आमचे कापायचे का?

पांझराकाठ

आप्पा, म्हणूनच ‘शेजारच्या गावापेक्षा किती’ असं मोजायचं नाही. ‘गेल्या वर्षीच्या स्वतःपेक्षा किती’ असं मोजायचं. मागच्या पावसाळ्यात दहातले सहा नमुने खराब होते, यंदा चार, तर पैसे मिळाले पाहिजेत.

आणि आपण काही नवीन शोधत नाही. खेड्यांना हे आधीपासून आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते, धोक्यानुसार ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. लाल कार्ड मिळालेल्या गावचा सरपंच तोंड लपवतो की नाही? मग शहरातल्या प्रभागाला असं कार्ड का नको? कच्च्या पाण्याचे मार्क धरूच नका. जे पालिकेच्या हातात आहे तेवढंच धरा.

सही_शिक्का

सरपंच तोंड लपवतो? कुठल्या गावी राहता भाऊ? कार्ड ग्रामपंचायतीच्या कपाटात राहतं.

माझा आक्षेप मुळातच आहे. जिथे आकड्यावर पैसा ठरतो तिथे पाणी सुधारण्याआधी आकडा सुधारतो. इंग्लंडची सदर्न वॉटर कंपनी घ्या. नियामक कडक, पैसा मुबलक, प्रयोगशाळा उत्तम. तरी वर्षानुवर्षं सांडपाणी केंद्रांचे आकडे फिरवले. नमुना घ्यायच्या दिवशी बाहेर पडणारं पाणीच थांबवायचं, टँकरने दुसरीकडे न्यायचं, म्हणजे नमुनाच मिळत नाही. २०१९ मध्ये दंड आणि ग्राहकांना परतावा मिळून १२६ दशलक्ष पौंडांवर प्रकरण गेलं. तिकडे हे, तर आमच्याकडे रजिस्टर लिहायला किती वेळ लागतो ते आप्पांनी आत्ताच सांगितलं. ग्रामस्वच्छता अभियानात समिती यायच्या आदल्या रात्री रंगलेल्या भिंती आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

आणि सवलतीचं आमिष आपल्याकडे होतं. १९७७ चा पाणी उपकर कायदा. पालिकांनाही लागू. प्रक्रिया केंद्र उभारलं तर उपकरात २५ टक्के सूट. दर हजार लिटरला पैशांत! त्या सुटीसाठी कोण एसटीपी बांधणार होतं? २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी तो कायदा गेला, कुणाला कळलंही नाही.

पांझराकाठ

दर पैशांत होता म्हणून चाललं नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की!

केळीवाला

सगळे नळावरच अडकलेत. मी शहराच्या खालच्या अंगाला शेती करतो. उन्हाळ्यात नाल्याला जे वाहतं ते शहराचंच. तेच उपसून काही जण बागेला देतात, वासासकट. भाजीवाल्यांचं तर बोलायलाच नको.

मला बक्षीस-दंडाचं फार कळत नाही, पण शुद्ध केलेल्या सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळालं तर पालिका आपोआप एसटीपी चालवेल हे कळतं. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २०१६ च्या वीजदर धोरणात तर लिहिलंच आहे की एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असं पाणी वापरावं. आपल्याकडे दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. भुसावळ त्याच्या दाराशी, जळगावही त्या अंतरात बसतं. तेवढंच तापीचं चांगलं पाणी शेतीला सुटेल. ठराव कुणी मांडायचा?

सही_शिक्का

गिऱ्हाईक पाणी तपासून घेईल आणि खराब निघालं तर बिल अडवेल, म्हणून तुमचं पटतं. तिथे तपासणारा स्वतःच्या बॉयलरसाठी तपासतो.

जळगावची_लेक

नागरिक स्वतःच्या पोटासाठी तपासतो, मग त्याच्या हातात निकाल का नाही? इतक्या चर्चेत बायकांचा विषय कुणी काढला नाही. गढूळ पाणी आलं की तुरटी फिरवायची, गाळायचं, उकळायचं, आणि महिन्याचे जारचे पैसे वेगळे. पाणीपट्टी वाढवली तर मोर्चा निघतो, पण जारच्या बिलाचा मोर्चा कुणी काढत नाही.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातल्या १९९६ च्या दुरुस्तीपासून पाणीपुरवठा संस्थेने दरवर्षी ग्राहकाला पाण्याच्या दर्जाचा अहवाल द्यायचा असतो. मॅसॅच्युसेट्स राज्याचा २००८ सालचा अभ्यास आहे: ज्या मोठ्या संस्थांना अहवाल घरोघर पोस्टाने पाठवावा लागला, त्यांचे नियमभंग ३० ते ४४ टक्क्यांनी घटले. ना बक्षीस, ना दंड. फक्त लोकांच्या हातात कागद. पाणीपट्टीच्या बिलामागची बाजू कोरीच असते. तिथे आपल्या प्रभागाचे महिन्याचे निकाल छापायला किती खर्च येतो?

गिरणाथडी

ताई, बिल वर्षातून एकदाच येतं. पाण्यासारखंच, येईल तेव्हा.

फिल्टरवाले आप्पा

ताईंचं मला पटलं, पण छापायला निकाल तरी खरे हवेत. आणि धागाकर्ते भाऊ, तुमच्या पाचव्या हिश्शातलं काही फिल्टरवरच्या माणसाला मिळणार आहे का? का ते पण वरच मुरणार? टीसीएल आणि तुरटीवाल्याचं बिल थकलं की तो माल पाठवत नाही, तेव्हा जबाबदार कोण? बक्षीस नंतर द्या. ही दोन बिलं आधी अनुदानातून थेट चुकती होऊ द्या, मग माझ्या नळाला बाटली लावा. मी नाही म्हणणार नाही.

पांझराकाठ

हे मान्य. हिशेबात ते धरतो. पण बाटली पालिकेने लावायची नाही. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेने घ्यायचा, तारीख न सांगता, आणि शेवटच्या दहा घरांत.

जळगावची_लेक

आणि बाटली भरताना त्या घरातली बाई हजर पाहिजे. सही तिची.

सही_शिक्का

आणि त्या दिवशी पाणीच सोडलं नाही तर? व्हॉल्व्हमनला फोन गेला, ‘आज त्या गल्लीत नको’, झालं. सदर्नवाल्यांनी दुसरं काय केलं?

फिल्टरवाले आप्पा

वेळापत्रकात पाळी होती आणि पाणी आलं नाही, तर नमुना नापास धरायचा. हे नियमात पहिल्या ओळीला लिहा. फोन कुठून येतो, ते मला माहीत आहे.